ठिगळाखालचे टाके

माझं नाव आनंदी. आमच्या संग्रहालयाच्या खिडकीत बसून मी तिकिटं फाडते. नाव आनंदी आणि तोंड बारा महिने फुगलेलं, असं मथुरा मला चिडवते. चिडवू दे. ही इमारत पूर्वी काजूचा कारखाना होती, भिंतींना अजून तो वास येतो, आणि शिरोड्याच्या समुद्रावर निघालेले पर्यटक वाटेत गाडी थांबवून माझ्या खिडकीत डोकं घालतात नि विचारतात, "काजूगर कसे किलो?" दारावर हातभर पाटी आहे. वाचायचे कष्ट कोण घेतो? अशा जागी बसून तुम्ही हसतमुख राहून दाखवा, मग मला बोला.

पण सांगायचंय ते मथुराबद्दल. पूर्वी ज्या खोलीत बायका काजू सोलत बसायच्या, त्या खोलीत मथुरा आता जुनी मानाची वस्त्रं सांभाळते. देवळातले शेले, कुणा इनामदाराची पगडी, नवरीचे शालू, गोव्याकडून आलेला एका पाद्रीबाबाचा जरीचा झगा. वस्त्र फाटलं की आपण शिवतो, मळलं की धुतो. मथुरा यातलं काहीच करत नाही. ती आधी नुसती बघते. टेबलावर वस्त्र पसरायचं, वर मोठं भिंग ओढायचं आणि बघत बसायचं. आठवडा गेला तरी हिचं बघणं संपत नाही. मी एकदा म्हटलं, "गो, पगार बघूचो मिळता की काम करूचो?" तर म्हणाली, "बघूचोच मिळता."

तिच्या खोलीचे नियम सोवळ्याहून कडक. आत जाताना हातात बांगडी नको, केसांना तेल नको, कपाळाला सुटं कुंकू नको. एकदा मी फणसपोळी खाल्लेल्या हाताने दाराची कडी धरली, तर तिने ती कडी पुसून काढली आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. मग एक दिवस तिने मला हाक मारून भिंगाखाली एक शेला दाखवला. नुसत्या डोळ्यांना तो मळकट पिवळा दिसायचा. भिंगातून पाहिलं तर रेशमाच्या प्रत्येक धाग्याभोवती सोन्याची पट्टी गुंडाळलेली, आणि ती इतकी बारीक की माणसाच्या हाताने ती कधी गुंडाळली असेल यावर विश्वास बसेना. मी आपली तोंड उघडं टाकून उभी. "तोंड बंद कर," मथुरा म्हणाली, "वाफ लागता." त्या दिवसापासून मी तिच्या खोलीत रुमाल तोंडाला बांधूनच जाते, आणि तो कोणी सांगितलं म्हणून बांधत नाही.

मथुरा आणि मी एकाच गावच्या. बांद्याहून आत वळलं की काजूच्या बागा संपता संपता रवळनाथाचं देऊळ लागतं, तो आमचा गाव. ती गावची लेक आणि मी गावची सून. हा फरक कशाला सांगते, तर पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

आमच्या रवळनाथाचा एक अंगरखा होता. रेशमी, जरीच्या काठाचा, कमरेखाली मोठा घेर असलेला. दसऱ्याला देवाच्या पालखीपुढे गावचा मानकरी तो अंगात घालून चालायचा. तो कुठून आला यावर गावात दोन तट आहेत आणि दोघांनाही काही माहीत नाही. त्या वर्षात लग्न होऊन गावात आलेल्या सुनांनी दसऱ्याच्या सकाळी देवळात बसायचं, आणि अंगरख्याच्या घेराला खालच्या काठावर प्रत्येकीने पाच टाके घालायचे, अशी रीत. दोरा बाजारचा चालत नाही. आपल्या लग्नाच्या साडीच्या पदरातून एक धागा ओढून आणायचा. देवाच्या वस्त्राला कातर लावायची नाही, आणि दातांनी तोडावा तर उष्टा होतो, म्हणून पाच टाके झाले की उरलेला धागा सुईने आत, रेशीम आणि अस्तर यांच्या मधल्या पोकळीत सोडून द्यायचा. मग मानकरी देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालणार, की अमक्या घरच्या सुनेचे टाके रुजू करून घे, आणि जमलेले सगळे म्हणणार, "व्हय म्हाराजा!" तेवढं झालं की ती पोर खऱ्या अर्थाने गावची झाली.

मीही घातलेत ते टाके. माझा शालू राणी रंगाचा होता. टाके घालताना हात इतका कापत होता की सासूबाई मागून पुटपुटल्या, "देवाक टोचशीत गो." पुढे तो शालू बोहारणीला दिला आणि दोन पातेली घेतली. पातेलीही चेमटली.

मथुराची आई तुळसा शिरोड्याची. समुद्रकाठची, उंच, मोठमोठ्याने हसणारी, असं म्हणतात. म्हणतात एवढंच, कारण तिचा फोटो नाही. ती डावखुरी होती. दसऱ्याच्या सकाळी टाके घालायला बसली आणि गडबडीत की सवयीने, सुई डाव्या हातात धरून पाच टाके घालून मोकळी झाली. देवाच्या वस्त्राला डावा हात! तेव्हाचे मानकरी म्हणजे त्यांच्यामागून मानकरी झालेल्या दाजींचे वडील. भारी कडक माणूस. त्यांनी गाऱ्हाणं घातलंच नाही. "हे टाके उसवून काढूक व्हये," एवढं बोलून ते उठले. पुढच्या दसऱ्याला अंगरखा बाहेर निघाला तेव्हा घेरावर त्या जागी लाल कापडाचं ठिगळ होतं, आणि टाके उसवताना रेशीम फाटलं म्हणून ते लावलं हे अख्ख्या गावाला कळलं.

मथुरा दुडूदुडू चालायला लागली त्या पावसाळ्यात तुळसा तापाने गेली. सवाष्ण गेली म्हणून तिला तिच्या लग्नाच्याच साडीत पोचवलं. साडी तिच्याबरोबर जळाली. गावाला मात्र बोलायला विषय मिळाला. देवान जिचे टाके घेवक नाय, तिका तो कसो ठेवतलो? लोकांच्या जिभेला हाड नसतं हे खरं, पण एका पोरक्या पोरीसमोर तरी गप्प राहावं की नाही? कोणी राहिलं नाही. नर्मदाआत्याने मथुराला वाढवलं, जीव लावला, पण ती आत्याही पोरीचा डावा हात पदराने बांधून तिला जेवायला बसवायची. शाळेत त्याच हातावर छड्या बसल्या. शेवटी मथुरा उजव्या हाताने जेवायला शिकली, लिहायला शिकली, देवाला फूल वाहायला शिकली. सुई तेवढी डाव्या हातातच राहिली.

सावंतवाडीला शिवणाचा वर्ग केला, गावात ब्लाउज शिवले. तिने घातलेली तुरपाई उलट्या बाजूनेही दिसत नसे. लग्न जमलं नाही. स्थळं यायची, कोणीतरी टाक्यांची गोष्ट पाहुण्यांच्या कानावर घालायचं, आणि निरोप यायचा थांबायचा. मग हे संग्रहालय निघालं. इथले प्रमुख विनीत सर. कपाटांचे पडदे शिवायला त्यांनी मथुराला बोलावलं आणि तिचं काम बघून जुनी वस्त्रं सांभाळण्याचं शिक्षण घ्यायला मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात पाठवलं. ती परत आली ती अशी, कडी पुसून काढणारी. मी खूप शिव्या घातल्या सरांना. मनात.

दोन वर्षांमागे दसऱ्याला पालखी देवळाबाहेर निघाली आणि अंगरखा खांद्यावर टरकन फाटला. मानकरीपण आता दाजींच्या पुतण्याकडे, दत्तप्रसादकडे गेलंय. तो तरणा गडी तिथेच रडायला लागला. गावाने बैठक घेतली, देवाला कौल लावला, आणि देवासाठी नवीन अंगरखा शिवायचा, जुना संग्रहालयात ठेवायचा असं ठरलं. म्हातारे दाजी स्वतः अंगरख्याची पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन जीपमधून आले. पेटी टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही उचलेनात.

"मथुरा, एकच सांगणा," ते म्हणाले. "कातर लावू नको."

"नाय लावणंय, दाजीनू."

आणखी काहीतरी बोलायचं होतं त्यांना. ओठ हलले. मग माझ्याकडे बघितलं, छत्री घेतली आणि गेले. मला वाटलं, माझं तोंड बघून घाबरले असतील.

मथुराने अंगरखा उलगडला. रंग म्हणाल तर जुन्या चहासारखा. घेराचा सगळा काठ टाक्यांनी भरलेला, टाक्यावर टाके, सगळे तपकिरी. कोणाचा कुठला, काही कळेना. एकच जागा वेगळी होती, उजव्या बाजूला, तळहाताएवढं लाल ठिगळ. तेही आता विटकरी झालेलं, आणि लावलं होतं इतकं गबाळं, की बाजाराची पिशवी शिवावी तसं. मथुराने त्याच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मी मात्र गप्प बसणारी नव्हे.

"आवशीची जागा हीच मां?"

"व्हय."

"खाली बघतलंय काय?"

"बघण्यासारख्या काय आसा थयसर? भोक असतला." आणि भिंग सारखं करत म्हणाली, "माका येवढाच कळूक व्हया, की पाचय काढल्यानी, की येकादो तरी रवलो." तिचा आवाज सरळ होता.

अंगरख्याचा आजार काय, ते पहिल्या महिन्यात कळलं. आमच्याच गावाचं प्रेम त्याला बाधलं होतं. दसऱ्याच्या आधी अस्तराला तांदळाच्या पेजेची खळ द्यायची, म्हणजे घेर कसा ताठ आणि रुबाबदार राहतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. ती पेज अस्तरात मुरली. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्यावर कसर जगली, आणि खळीने कडक झालेल्या अस्तराच्या घड्यांनी रेशीम आतून कापत आणलं. दरवर्षी आम्ही देवाच्या वस्त्राला जेवू घालत होतो आणि जेवत होते किडे.

विनीत सर कुडाळचे, पण कचेरीत शुद्ध मराठीच बोलतात. ते म्हणाले, "मथुराताई, अस्तर पूर्ण काढावं लागेल. त्याशिवाय रेशीम वाचणार नाही."

अस्तर काढायचं तर घेराचे सगळे टाके उसवावे लागणार होते. रेशीम आणि अस्तर त्या टाक्यांनीच एकत्र धरलं होतं. माझे टाके, माझ्या सासूबाईंचे, त्यांच्या सासूचे. मला वाटलं, मथुरा आता भांडेल. ती म्हणाली, "बरोबर आहे, सर."

जेवणाच्या सुट्टीत मी तिला धारेवर धरलं. म्हटलं, तुझ्या आवशीचे उसवले म्हणून आता सगळ्या गावाचे उसवतंस काय? बोलले आणि जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. मथुराने डब्याचं झाकण लावलं. "आनंदी," ती म्हणाली, "अंगरखो मेलो तर टाके कशार रवतले?" तिचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी खिडकीत जाऊन त्या दिवशीच्या पर्यटकांवर तो काढला.

अस्तर वरून, कमरेकडून सोडवायचं ठरलं. तिथे सुनांचे टाके नाहीत, शिंप्याचीच शिवण आहे. कातर न लावता, वाकड्या सुईने एकेक टाका सैल करत मथुराने कमरेची शिवण उघडली. त्यात पावसाळ्याचा बराचसा भाग गेला. हवा सुकवणारं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. अस्तर उलटायचा दिवस आला तेव्हा तिने मला बोलावलं, दोन्ही हातांवर मऊ कागद अंथरायला लावला, आणि म्हणाली, "मी सांगतलंय तेव्हा उचल. श्वास सांभाळून." पलीकडून सर उभे. आम्ही तिघांनी मिळून अस्तर हळूहळू घेराकडे मागे वळवलं.

काय सांगू? मला अजून नीट सांगता येत नाही.

आत रंग होते. घेराच्या काठाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आतून धागे लोंबत होते. प्रत्येक सुनेने पाच टाके घालून आत सोडून दिलेला उरलेला धागा. बाहेर उन्हाने, धुराने, हातांनी सगळे टाके एकाच मातकट रंगाचे करून टाकले होते. आत उजेड कधी गेलाच नव्हता. हिरवे, जांभळे, कुंकवासारखे लाल, हळदीचे पिवळे, मोरपिशी, अबोली. कोणी नवरी आजच सकाळी देवळातून उठून गेली असावी इतके ताजे. काही धागे जाड सुती, गरिबाघरच्या लुगड्यातले. काही रेशमी. सगळे एकाच काठावर, शेजारी शेजारी. माझ्या आजेसासूच्या सासूच्याही आधीच्या बायका, ज्यांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत, ज्यांना कोणी पाहिलेलं नाही, त्या सगळ्या तिथे होत्या. बघण्याच्या नादात माझ्या हातांवरचा कागद एका बाजूला कलला. मथुरा हळूच म्हणाली, "धर गो. सोडू नको."

आणि मग मला माझा दिसला. राणी रंग. बोहारणीच्या गाठोड्यातून गेलेला माझा शालू तिथे एक वीतभर शिल्लक होता. मी रडले. रुमाल होताच तोंडाला बांधलेला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ह्यां कोणाच्या बापाशीक उसवूचा नाय," ते म्हणाले. सर कचेरीत मालवणीत बोललेले मी पहिल्यांदा ऐकले. मग भानावर येऊन त्यांनी मथुराला विचारलं, "अस्तर जागेवर ठेवून खळ काढता येईल?"

"येईल. ओलसर टिपकागद लावून, थोडी थोडी. पण खूप दिवस लागतील."

"लागू देत," सर म्हणाले.

मथुरा मात्र आमच्याकडे बघत नव्हती. ती घेराच्या उजव्या बाजूला वाकली होती, बाहेरून जिथे ठिगळ होतं त्या जागी. मी मान पुढे केली. तिथे भोक नव्हतं. तिथे एक धागा लोंबत होता. पोपटी.

"आते सांगी," मथुरा म्हणाली, "आवशीची साडी पोपटी होती म्हणान."

तिने त्या धाग्याला हात लावला नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. मी म्हटलं, "काढ मगे ता ठिगळ! वाट कसली बघतंस?" मला तर ते नखांनी ओरबाडून काढावंसं वाटत होतं. पन्नास वर्षं एका खोट्यावरून या पोरीला छळलं आम्ही सगळ्यांनी, मीही त्यात आलेच की. पण मथुरा म्हणाली, "मानकऱ्याक बोलाव. मानकऱ्यासमोर काढतलंय." दत्तप्रसादला फोन करायला मी निघाले, तर म्हणाली, "तो नको. दाजीनूंक."

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सदरा इस्त्रीचा, कपाळाला गंध. मथुराने स्टूल पुढे केलं आणि उलटलेलं अस्तर दाखवलं. म्हातारा बघत राहिला. एकेका धाग्यावरून नजर फिरत फिरत पोपटी धाग्यापाशी आली आणि तिथून हलेना.

"बापाशीन माका सांगल्यान, उसव," दाजी म्हणाले. "मी तेव्हा तरणो होतंय. देवळात बसलंय, सुई घेतलंय. आणि ती तुळसा खांबाआड उभी. रडाक नाय, काय नाय. नुसती बघी. माझो हात काय पुढे जाईना गो. मगे एक फडको लावलंय वरसून आणि बापाशीक सांगलंय, उसवलंय म्हणान."

मथुरा पोपटी धाग्याकडेच बघत होती. मीच बोलले. "मगे इतकी वर्सां तोंडात काय धरल्यात? ह्या पोरीचो जल्म गेलो, दाजीनू!"

"बापूस होतो तवसर भय, आणि मगे लाज," दाजी म्हणाले. "तुळसा गेली तेव्हा वाटला, आता सांगलंय तर लोक म्हणतले, डाव्या हाताचे टाके ठेवलंस म्हणान ती गेली. माझ्यामुळे गेली. माकाय तसाच वाटा. किती वर्सां वाटा." त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच गालांवरून गळ्यापर्यंत गेलं.

मथुराने सुई उचलली. डाव्या हाताने. दाजींची गबाळी शिवण ती एकेक टाका करून सोडवायला लागली, आणि इतक्या हलक्या हाताने, की त्या वेंधळ्या टाक्यांनाही तिने दुखवलं नाही. शेवटचा टाका सुटला. तिने दोन चिमट्यांनी ठिगळ उचललं.

खाली अंगरखा डाळिंबी होता.

दाजी सोडले तर आम्ही कोणीच तो रंग पाहिला नव्हता. गावातही आता कोणाला ठाऊक नव्हता. वरचा अख्खा अंगरखा चहाच्या रंगाचा, आणि तळहाताएवढ्या जागेत तो असा पिकल्या डाळिंबासारखा, नवा कोरा असताना होता तसा. ही जागा आधी घेराच्या चुणीत दडलेली, म्हणून दुसऱ्या कोणाचे टाके तिथे नाहीत; आणि नंतर ठिगळाने उजेड आत येऊ दिला नाही, की धूर. आणि त्या डाळिंबी रेशमावर पाच पोपटी टाके. बाकीच्या घेरावर सगळ्या टाक्यांचा कल एका बाजूला, या पाचांचा उलट्या बाजूला. घट्ट, सारखे, न घाबरता घातलेले. टाके घालणारी बाई आत्ताच सुई खाली ठेवून कुठेतरी बाजूला उभी असल्यासारखे.

सर म्हणाले, "या रंगावरून आता मूळ अंगरखा कसा होता ते कळेल. दुसरा काही पुरावाच नव्हता." ते खरंच होतं, पण बोलताना त्यांचीही नजर त्या पाच टाक्यांवरच होती. मथुरा भिंग लावायचंही विसरली. खाली वाकून, तोंडावर रुमाल धरून, ती नुसत्या डोळ्यांनी त्या टाक्यांकडे बघत होती. मी तिला इतकी वर्षं बघताना पाहिलंय. असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. "आवशी," ती म्हणाली. एवढंच. जिला ती कधी हाक मारू शकली नव्हती, तिला मारलेली ती हाक होती.

मला वाटलं, आता हे असंच काचेच्या पेटीत मांडायचं, लोकांना दाखवायचं. मी तसं म्हटलंही. लोक काजूगर विसरून येतील! मथुराने मान हलवली. "उजेड लागलो तर वर्सभरात जातले. इतके दिवस रवले ते झाकलेले होते म्हणान." सरांनी हवे तेवढे फोटो घेतले. मग मथुराने तेच जुनं ठिगळ पुन्हा जागेवर ठेवलं.

केसासारखा बारीक रेशमी धागा सुईत ओवला. एक टाका घातला. ठिगळाच्या एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. चारही कोपरे झाले आणि मध्यावर एक. ती मोजत नव्हती, मी मोजत होते. पाच झाले आणि तिचा हात थांबला. लग्न न झालेली बाई, गावची लेक, डावा हात. यातलं रीतीत काहीच बसत नव्हतं. उरलेला धागा कापायला शेजारी छोटी कातर होती, तिच्याकडे तिने बघितलंही नाही. सुईने तो आत, पोपटी धाग्याशेजारी सोडून दिला.

दाजी स्टुलावरून उठले. गुडघे धरत धरत, टेबलाचा आधार घेत सरळ उभे राहिले. टोपी नीट केली आणि हात जोडले. समोर देव नव्हता. हवा सुकवणारं यंत्र होतं.

"बा देवा रवळनाथा," दाजींनी गाऱ्हाणं घातलं. आवाज फाटत होता, तरी देवळात घालतात तसं मोठ्याने. "शिरोड्याची तुळसा तुझ्या गावात सून म्हणान इली. तिना डाव्या हातान तुका पाच टाके घातल्यान. ते आमी तुका सांगूकच नाय. चूक आमची, तिची नाय. आज तिच्या चेडवान, मथुरान, त्याच हातान तुका पाच टाके घातल्यान. आवशीचे आणि लेकीचे, दोघींचेय रुजू करून घे रे म्हाराजा!"

मग सर, मी, आणि दारात येऊन उभा राहिलेला तिकिटाच्या रांगेतला कोणीतरी पर्यटक, ज्याला काडीचं काही कळलं नव्हतं, आम्ही सगळे एकदम म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

मथुराने रुमालाने डोळे टिपले. दाजींना वाकून नमस्कार केला. मग सवयीने टेबलावरून एकदा नजर फिरवली आणि माझ्याकडे वळली.

"आनंदी, दिवो बंद कर गो," ती म्हणाली. "रंग जातत."